चला, नाशिकची द्राक्षवाट पाहून येऊ!

फेब्रुवारी महिना उजाडला की नाशिक, दिंडोरी, निफाड या तालुक्यांत द्राक्षाचा हंगाम ऐन भरात येतो. दिवस वर यायच्या आत बागांतून तोडणी सुरू होते, बांधावर क्रेटच्या थप्प्या लागतात आणि पिंपळगाव बसवंतच्या वाटेला गाड्यांची रीघ लागते. ही बहुतेक द्राक्षे खाण्याची. पण याच मुलखात काही बागा अशा आहेत की त्यांचा एकही घड बाजारात येत नाही. तो तोडला की सरळ वाइनच्या कारखान्यात जातो. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी मोटारी काढून हे कारखाने पाहायला येतात, माळावर बसून सूर्यास्त पाहतात, दोन बाटल्या घेतात आणि घरी जातात. मग द्राक्ष पिकवणाऱ्याने तिथे का जाऊ नये?

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आम्ही सहा मित्रांनी गेल्या हंगामात हा बेत केला. सहाही जण द्राक्षवाले. त्यातल्या एकाच्या मनात दोन एकर वाइनची द्राक्षे लावायची होती, आणि लावण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे असे सर्वांचे मत पडले. तुम्हीही चार-सहा जण मिळून असा बेत करणार असाल, तर आमची टिपणे उपयोगी पडतील.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वाइन ही दारूच आहे. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. ज्या गावांतल्या आयाबहिणींनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांना या सहलीचे नाव काढताच शंका येणार, आणि ती रास्त आहे. म्हणून घरी खरे सांगून निघावे. पाहायला जायचे ते पीक, कारखाना आणि व्यवहार. आमच्यातल्या दोघांनी घोटभरही घेतली नाही, त्यांना कोणी आग्रहही केला नाही.

थोडा इतिहास

नाशिक भागात खाण्याच्या द्राक्षाची सुरुवात १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी केली, असे मानले जाते. वाइन त्यामानाने अलीकडची. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला फसफसणारी वाइन करणारा मोठा कारखाना निघाला आणि तिथली बाटली परदेशातही गेली. पुढे राजीव सामंत अमेरिकेतून परत आले आणि त्यांनी गंगापूर धरणाजवळच्या आपल्या जमिनीत १९९७ साली वाइनच्या जातींची लागवड केली. सुला या नावाची त्यांची पहिली बाटली २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, करात सवलती दिल्या, आणि निफाड तालुक्यात विंचूरला व आमच्याकडे पलूसला वाइन पार्क काढले. त्यानंतर पाच-सहा वर्षांत कारखान्यांची संख्या भराभर वाढली.

वाट कशी आखावी

तीन दिवस आणि दोन मुक्काम पुरतात. सहा-सात जणांची एक जीप करावी. एकाने खर्चाची वही सांभाळावी. गाडी चालवणाऱ्याने तीनही दिवस पेल्याला हात लावायचा नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. शनिवार-रविवार टाळावा, कारण त्या दिवशी शहरी मंडळींची गर्दी असते आणि कोणाला दोन शब्द विचारायला सवड नसते. आधी फोन करून वेळ घ्यावी. आपण शेतकरी आहोत, बाग पाहायची आहे, असे सांगितले तर पुष्कळ ठिकाणी बागेचा माणूस बरोबर देतात. कारखाना दाखवण्याचे बहुतेक ठिकाणी तिकीट असते. चव घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

पहिला दिवस गंगापूर धरणाच्या बाजूला द्यावा. नाशिक शहरापासून हा भाग दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहे. गोवर्धन, सावरगाव, गंगाव्हरे ही गावे गोदावरीवरच्या मातीच्या धरणाच्या आसपास वसली आहेत. सुला, सोमा, यॉर्क हे कारखाने याच पट्ट्यात आहेत. दुसऱ्या दिवशी दिंडोरी करून ओझर, पिंपळगाव बसवंत, निफाड आणि विंचूर असा फेरा मारावा. तिसऱ्या दिवशी परतताना इगतपुरी तालुक्यात सांजेगाव आणि कावनई या बाजूला जावे. तिथला मुलूख डोंगराचा, पावसाचा, आणि बागेची माती वेगळी.

बरोबर वडीलधारी माणसे असतील तर त्र्यंबकेश्वर किंवा वणीची सप्तशृंगी वाटेत येतेच. मात्र देवदर्शन आणि वाइनचा कारखाना एका दिवसात कोंबू नये. दोन्हीकडे मन लागत नाही, आणि गाडीत विनाकारण वाद होतो. आमच्या गाडीत झाला!

बागेत काय पाहावे

आपल्या बागेच्या सवयीने गेलात तर वाइनची बाग पाहून प्रथम नवल वाटेल. मांडव नाही. बहुतेक ठिकाणी तारांवर उभ्या ओळी बांधलेल्या, जणू हिरवे कुंपण. घड लहान, मणी हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे, साल जाड आणि आत बी. शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या जाती. शिराझ, कॅबरने सॉव्हिन्याँ या काळ्या. मणी फुगवण्यासाठी आपण जीएच्या बुडवण्या देतो, तशा इथे देत नाहीत. मणी लहान असलेलाच बरा, कारण रंग आणि वास सालीत असतो. एकरी पीकसुद्धा मुद्दाम कमी ठेवतात. घड कमी असले की राहिलेल्या घडांत गोडी आणि चव चांगली उतरते.

छाटणी मात्र आपल्यासारखीच दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरला येते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून कात्रीने त्याला वेळ दाखवावी लागते आणि तोडणी जानेवारी ते मार्च अशी येते. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कडक गारठा. या फरकाने गोडी भरते आणि आंबटपणाही टिकतो. तोच गारठा निफाडला अती झाला की मणी तडकतात, आणि शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतात.

आपला रिफ्रॅक्टोमीटर बरोबर न्यावा. परवानगी घेऊन एखादा मणी तपासावा. खाण्याचे द्राक्ष १८ ब्रिक्सला तोडले तरी चालते; वाइनच्या द्राक्षाला २२ ते २४ च्या आसपास गोडी लागते. परवानगीशिवाय घड तोडू नये, कारण कोणती फवारणी कधी झाली हे आपल्याला माहीत नसते.

कारखान्यात काय घडते

रीत तशी सोपी आहे. क्रेट आले की यंत्रात देठ वेगळे होतात आणि मणी फुटतात. पांढऱ्या वाइनसाठी लगेच रस दाबून काढतात. लाल वाइनसाठी रस सालीसकट ठेवतात, कारण काळ्या द्राक्षाचा गरही पांढराच असतो आणि रंग सालीतून उतरतो. मग पोलादी टाक्यांत यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते, तिचा मद्यार्क होतो आणि वायू निघून जातो. टाकी तापू नये म्हणून सतत गारवा द्यावा लागतो. विजेचा मोठा खर्च इथेच आहे. काही लाल वाइन पुढे ओक लाकडाच्या पिंपांत महिनोन् महिने मुरते. चोथ्याचे खत होते.

शेवटी चार-पाच प्रकारांचे एकेक घोट चाखायला देतात. शेजारी थुंकण्याचे भांडे असते. वाइन पारखणारे लोक चव घेऊन थुंकतात, त्यामुळे त्यात संकोच नको. ज्याला घ्यायची नसेल त्याने तो वेळ दुकानात घालवावा आणि एक हिशेब करावा. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्ष लागते. कारखाना किलोला काय भाव देतो ते विचारावे आणि बाटलीवरची छापील किंमत वाचावी. मधला सगळा पैसा नफा असतो असे नाही. काच, बूच, वीज, कर, दुकानदार, आणि वर्षभर अडकून पडलेले भांडवल, हे सारे त्यातच आहे. पण आपला वाटा केवढा आहे, हे एकदा कागदावर मांडून पाहावे.

विंचूरच्या रस्त्यावर

दुसऱ्या दिवशी दुपारी विंचूरच्या अलीकडे एका वस्तीवर आम्ही पाणी मागायला थांबलो आणि चहा होईपर्यंत बसलो. घरधनी साठी ओलांडलेले. आम्ही कशासाठी आलो हे ऐकून त्यांनी विचारले, “दादा, तुमचा माल व्यापाऱ्याने उचलला नाही तर तुम्ही काय करता?”

“शेडवर टाकतो. बेदाणा करतो,” आमचा सोबती म्हणाला.

“बरोबर. आणि माझ्या शिराझचा बेदाणा कोण खाणार? मणी एवढासा, त्यात बी, साल चिवट. मंडईत ठेवला तर गिऱ्हाईक हात लावत नाही.”

मग त्यांनी आपली हकीकत सांगितली. २००६ साली त्यांनी दोन एकर लावले. पहिले पीक चांगल्या भावाने गेले. २००८ च्या अखेरीस मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतली गिऱ्हाइकी बसली आणि कारखान्यांच्या टाक्या भरून राहिल्या. २००९ च्या हंगामात कारखान्याचा निरोप आला, “जरा थांबा.” द्राक्ष थांबत नाही. गोडी वर गेली, मणी सुकू लागले, आणि शेवटी माल गेला तो मिळेल त्या भावाने. पैसे आले त्याच्या पुढच्या वर्षी. २०१० मध्ये त्यांनी खुंट तेवढे ठेवून वेल कापले आणि वर थॉमसनचे कलम बांधले. नाशिक भागातल्या अनेकांनी त्या दोन-तीन वर्षांत वाइनच्या बागा अशाच मोडल्या.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मजूर लावायला पैसे नव्हते, भाऊ. ते वेल आम्ही दोघांनीच कापले.”

ही एक बाजू झाली. दुसरी बाजूही त्याच रस्त्यावर ऐकायला मिळाली. पलीकडच्या वस्तीवरचे एक बागायतदार बरीच वर्षे एकाच कारखान्याला द्राक्ष घालतात आणि समाधानी आहेत. बुडवण्या नाहीत, विरळणीची मजुरी नाही, डागी मण्यांवरून व्यापाऱ्याशी घासाघीस नाही, भाव छाटणीच्या वेळीच ठाऊक. त्यांचा करार अनेक वर्षांचा आणि लेखी आहे. पहिल्या शेतकऱ्याजवळ होते ते एक साधे पत्र.

आमच्या मते साऱ्या सहलीत शिकण्यासारखे हेच होते. खाण्याच्या द्राक्षाला तीन दारे आहेत: मंडई, निर्यात आणि बेदाणा. वाइनच्या द्राक्षाला दार एकच. ते दार कोणाच्या हातात आहे आणि ते उघडे ठेवण्याचा शब्द कागदावर आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय खड्डे घेऊ नयेत.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे भले हेच कारण पुढे केले गेले. विरोध झाला आणि तो निर्णय मागे पडला. दारूच्या दुकानांविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. विक्री वाढली तरी शेतकऱ्याचे भले त्याच्या करारात लिहिले असेल तेवढेच होणार.

विचारायचे प्रश्न

जाताना वहीच्या पहिल्या पानावर हे प्रश्न लिहून न्या. करार किती वर्षांचा? भाव कधी ठरतो, आणि गोडी कमी-जास्त झाली तर त्यात किती फरक पडतो? ब्रिक्स कोण मोजतो आणि त्या वेळी शेतकरी हजर असतो का? पैसे तोडणीनंतर किती दिवसांत? आणि सर्वांत महत्त्वाचे, ठरल्या दिवशी माल उचलला नाही तर भरपाई काय? पहिल्या चार प्रश्नांना उत्तरे पटापट मिळतात. पाचव्याला समोरचा माणूस जरा थांबतो. त्याचे उत्तर लिहून घ्या.

आमच्या सोबत्याने एका ठिकाणाहून कराराचा कोरा नमुना मागून आणला आहे. तालुक्याच्या वकिलाकडून तो वाचून घेतला. माल न उचलल्यास भरपाईचे कलम घालायला कारखाना तयार झाला तर यंदा अर्धा एकर, नाही तर त्या जागेत नेहमीची जात, असे त्याच्या घरी सर्वांनी बसून ठरवले आहे. सहा जणांच्या तीन दिवसांच्या सहलीचा खर्च दोन एकर बाग उभी करण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. हंगाम मार्चपर्यंत असतो. बेत करायचा तर लवकर करा, आणि शक्य असेल तर घरच्या लक्ष्मीलाही बरोबर घ्या. बाग मोडायची वेळ आली तर कात्री तिच्याही हातात येते, मग लावायची की नाही हे ठरवतानाही ती हजर हवी.