लहान वाटीतला भात

वृद्ध माणसाची भूक हळूहळू कशी ओसरत जाते, हे आपणही घरी पाहिले असेल. भिवंडी तालुक्यात आयुष्यभर भातशेती केलेले माझे सासरे आता एका वेळी पन्नास ग्रॅम तांदळाचा मऊ भात कसाबसा संपवतात. भाकरी चावत नाही. भात तेवढा घशाखाली उतरतो.

त्यांच्या तरुणपणी चिंता निराळी होती. उंच वाढणारा कोळंबा दाणा भरता भरता पावसात आडवा पडे. पुढे कर्जतच्या संशोधन केंद्राने कोळंब्याचा तैवानच्या बुटक्या वाणाशी संकर करून ‘कर्जत १८४’ हा वाण दिला. पीक ताठ उभे राहू लागले, कणग्या भरू लागल्या.

आज मात्र प्रश्न कणगीचा नाही, दाण्याच्या आत काय भरले आहे याचा आहे. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आसामच्या एका जुन्या, प्रथिनसंपन्न वाणाचा गुण ‘नवीन’ या वाणात आणून ‘सीआर धान ३१०’ तयार केला. तो २०१६ मध्ये प्रसारित झाला. साध्या पांढऱ्या तांदळात सात-आठ टक्के प्रथिने असतात, यात सुमारे दहा. हे प्रथिन केवळ कोंड्यात नसून दाण्याच्या पांढऱ्या गाभ्यातही असल्याने तांदूळ सडल्यावरही टिकते.

हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडू. पन्नास ग्रॅम तांदळामागे लाभ एक-दीड ग्रॅमचा. तो वरण, दूध किंवा अंड्याची जागा घेऊ शकत नाही. पण दोन घासांवर हात आखडणाऱ्या माणसाला तोही मोलाचा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

असा तांदूळ आपल्या दुकानात मिळेलच असे नाही. तोवर कमी सडलेला तांदूळ थोडाथोडा आणावा, कारण कोंड्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो. तासभर भिजवून, पाणी वाढवून शिजवला की तो मऊ होतो. वरचे पाणी ओतून न देता पेज म्हणून द्यावे. मधुमेह असेल तर भाताचे प्रमाण सांभाळावे.

सासरे अजूनही तांदूळ तळहातावर घेऊन निरखतात. दाणा भरण्यामागचे कष्ट त्यांना ठाऊक आहेत. शेतकऱ्याने आणि संशोधकाने त्यात जे साठवले, ते गिरणीत आणि आपल्या स्वयंपाकघरात वाया जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.