पोट बांधलें, जिभेचें काय?

लग्नामुंजीच्या पंक्तींत माझें पान पाहून हल्लीं लोकांना नवल वाटतें. लहानशी मूद, तिच्यावर घट्ट वरण, चार चमचे उसळ, चिमूटभर कोशिंबीर; संपलें जेवण! "मास्तर, एवढ्यावरच?" असें वाढणारा मोठ्या अगत्यानें विचारतो, आणि मी पानावर हात आडवा धरून "पोटाला पट्टा बांधला आहे" असें उत्तर देतों. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें सत्य आजवर घरच्या माणसांखेरीज मीं कोणास सांगितलेलें नाहीं. तें सांगावयास लाज वाटते. तथापि ज्यांच्या घरीं असें दुखणें असेल त्यांस त्याचा कांहीं उपयोग होईल, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. संस्कृत मात्र प्रथम वडिलांपाशीं आणि पुढें पाठशाळेंत शिकलों, आणि त्याच पुंजीवर तालुक्याच्या गांवीं ३६ वर्षें शिक्षकी केली. खाण्याची हौस आमच्या घराण्यांतच होती. आजोबांनीं पैजेनें जिलब्या कशा संपविल्या याच्या कथा आमच्याकडे पराक्रमाच्या कथांप्रमाणें सांगितल्या जात. मुलानें आणखी एक पुरणपोळी मागितली कीं आईला धन्यता वाटे. अतिभोजन हा दुर्गुण आहे असें पुस्तकांत वाचलें होतें. घरांत मात्र तें कौतुकाचेंच ठरे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. २०११ सालीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, पांच फूट सहा इंच उंचीच्या या देहाचें वजन ११८ किलो भरलें. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, गुडघे जिना चढूं देईनात, आणि फळ्यापुढें तासभर उभें राहणें अशक्य झालें. पथ्यें पुष्कळ केलीं. प्रत्येक पथ्यानें पांच किलो उतरले आणि तें सुटतांच सात चढले. शेवटीं पुण्याच्या एका रुग्णालयांत जठराला पट्टा बसवून घेण्याचें ठरलें. खर्च मोठा होता. चिरंजीव नुकताच नोकरीला लागला होता; त्यानें कर्ज काढलें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

या शस्त्रक्रियेंत जठर कापीत नाहींत. त्याच्या वरच्या भागाभोंवतीं सिलिकोनचें एक कडें बसवितात, आणि कड्याच्या वर एकदोन मोठे चमचे अन्न मावेल एवढीच पिशवी राखतात. कड्याच्या आंतल्या अंगास फुगा असतो. त्याची नळी पोटाच्या कातडीखालीं बसविलेल्या लहानशा डबीस जोडलेली असते. त्या डबींत सुईनें मिठाचें पाणी भरलें कीं कडें आवळतें, काढून घेतलें कीं सैल होतें. मूळचे इथिओपियाचे डॉ. मितिकू बेलाचेव यांनीं १९९३ सालीं बेल्जममध्यें पोट न फाडतां, दुर्बिणीच्या साह्यानें असें कडें बसविलें, आणि पुढें त्याचा जगभर प्रसार झाला. आज ती चाल मागें पडली आहे. जठराचा मोठा भाग काढून टाकून उरलेल्याची नळी करण्याची शस्त्रक्रिया आतां अधिक पसंत केली जाते. माझ्यासारखे 'पट्टेवाले' थोडेच उरले आहेत!

पहिलीं दोन वर्षें दृष्ट लागण्यासारखीं गेलीं. घांस घाईनें गिळला तर छातींत बोळा बसल्यासारखें होई आणि उलटी झाल्यावांचून सुटका नसे. मऊ पोळी आणि भाताचा गोळा हे तर हमखास अडकत. त्या धाकानें जेवण आपोआप कमी झालें आणि ३१ किलो वजन उतरलें. गोळ्या कमी झाल्या, सदरे नवे शिवावे लागले. शाळेंत मुलांपुढें 'इच्छाशक्ति' या विषयावर माझें व्याख्यानहि झालें. आज तें आठवलें कीं हसूं येतें. कारण त्या यशांत इच्छाशक्तीचा वांटा फारच थोडा होता, बराचसा त्या कड्याचा होता.

पुढें एके दिवशीं मला एक शोध लागला. पोळी अडकते, परंतु श्रीखंड अडकत नाहीं. बासुंदी अडकत नाहीं, आमरस अडकत नाहीं. आइस्क्रीम तर आपोआप ओघळून जातें. जें जें मऊ आणि गोड, तें तें कड्यांतून सरळ खालीं उतरे आणि पोट भरल्याची जाणीवहि होत नसे. घराच्या पुढच्या दाराला भक्कम कुलूप घालावें आणि मागचें दार सताड उघडें राहावें, तसें झालें. २०१५ सालीं मी सेवानिवृत्त झालों. सायंकाळीं चार वाजले कीं घर फार मोठें आणि फार शांत वाटूं लागे. भूक नसे, दुपारचें जेवण झालेलें असे. परंतु त्या वेळीं फळीवरच्या डब्याखेरीज मनांत दुसरा विचार टिकत नसे.

२०१६ च्या गुढीपाडव्याला घरीं चक्का बांधून श्रीखंड केलें होतें. दुसऱ्या दिवशीं सूनबाईंच्या माहेरचीं माणसें प्रथमच जेवावयास येणार होतीं. त्यांच्यासाठीं एक पातेलें फ्रीजमध्यें राखून ठेवलेलें. रात्रीं दोनच्या सुमारास मी उठलों. दिवा लावला नाहीं. फ्रीजच्या उजेडांत उभ्यानेंच, "एक चमचा घेऊं" असें म्हणून सुरुवात केली. किती वेळ गेला तें कळलें नाहीं; चमचा पातेल्याच्या तळाला लागून वाजला, आणि पाठीमागें दिवा लागला. दारांत आमचें कुटुंब उभें होतें.

"अगं, पाणी प्यायला उठलों होतों," मी म्हणालों. माझ्या मिशीला श्रीखंड लागलेलें होतें.

ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "अहो, मुलाचे हप्ते अजून फिटायचे आहेत." मग तिनें तें पातेलें तेव्हांच घासून पालथें घातलें. सकाळीं बाजारांतून तयार श्रीखंड आणविलें, आणि व्याह्यांना काय किंवा सुनेला काय, कोणालाहि कांहीं कळूं दिलें नाहीं. खाल्ल्याची लाज त्या मानानें थोडी होती. मुलांना सत्य बोलावयास शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानें पाण्याचें निमित्त सांगावें आणि पत्नीला तें झांकून घ्यावें लागावें, याची लाज मोठी होती.

तोंवर उतरलेल्यापैकीं १७ किलो वजन परत आलें होतें. मी डॉक्टरांकडे गेलों आणि कडें आणखी आवळण्याविषयीं त्यांची विनवणी केली. त्यांनीं साफ नकार दिला. "मास्तर, कडें फार आवळलें तर अन्ननलिका फुगते, कडें जागेवरून सरकतें. शिवाय भाकरी अधिक अडकेल, आणि तुम्ही अधिकच श्रीखंडाकडे वळाल. कडें जठराला आहे. तें मनापर्यंत पोंचत नाहीं." मग त्यांनीं समजावून सांगितलें कीं, भूक चेतविणारें घ्रेलिन नांवाचें एक द्रव्य १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें; तें मुख्यतः जठराच्या वरच्या भागांत तयार होतें. नळीच्या शस्त्रक्रियेंत तो भाग काढून टाकतात. कड्यानें त्याला धक्का लागत नाहीं. आणि याखेरीज दुसरी एक भूक आहे. ती पोटांत नसून मेंदूंत असते. साखर आणि स्निग्ध पदार्थ यांच्या सुखाला चटावलेली असते, आणि पोट भरलें असतांहि ती जागी होऊं शकते.

हिला व्यसन म्हणावें कीं नाहीं यावर तज्ज्ञांचा वाद आहे. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या वर्गीकरण-ग्रंथांत आवर न राहतां भराभर खात सुटण्याच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळालें. 'अन्नाचें व्यसन' हें निदान मात्र त्यांत नाहीं. नांव कांहींहि असो. लपविणें, खोटें बोलणें, उद्यांपासून सोडण्याची शपथ वाहणें, हीं जीं लक्षणें मीं तंबाखूच्या व्यसनी माणसांत पाहिलीं होतीं, तीं सर्व माझ्या ठिकाणीं होतीं. भेद एवढाच कीं, तंबाखू अजिबात सोडतां येते. अन्नाची गांठ रोज घ्यावीच लागते.

एस्. टी. नें परत येतांना मला गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील ५९ वा श्लोक आठवला. इतकीं वर्षें मीं तो अन्वय लावून शिकविला होता. 'निराहार' शब्दाची फोड मुलांकडून घोकून घेतली होती. आहार तुटला तरी गोडी मागें उरते, असेंच तो सांगतो. डॉक्टरांनीं मला वेगळें काय सांगितलें होतें? उत्तरार्धांत ती गोडी जाण्याचा उपाय आहे. परंतु तो परतत्त्वाच्या दर्शनाचा. तें दर्शन होईपर्यंत प्रपंची माणसानें काय करावें, हें मला रुग्णालयांतील एका आहारतज्ज्ञ बाईंनीं आणि समुपदेशकांनीं शिकविलें. तेंच येथें सांगतों.

पहिला नियम असा कीं, जें खावयाचें तें बसून, पानांत वाढून घेऊन, उजेडांत आणि शक्य तों कोणाच्या तरी देखत खावें. पातेल्यांतून, डब्यांतून, उभ्यानें खावयाचें नाहीं. चित्राहुति घालण्याची संवय मला लहानपणापासून होती. तेवढा वेळ हात थांबतो, हा तिचा एक गुण मला साठीजवळ येऊन कळला.

दुसरा नियम क्रमाचा. प्रथम उसळ, घट्ट वरण, पनीर असें प्रथिनयुक्त आणि चावून खाण्याचें अन्न, भात-पोळी मागून. घांस लहान, चावणें पुष्कळ. जेवतांना पाणी घ्यावयाचें नाहीं आणि नंतरहि अर्धा तास थांबावयाचें. नाहीं तर अन्न लवकर खालीं वाहून जातें. वाग्भटानें जठराचे चार भाग कल्पून एक मोकळा ठेवावयास सांगितला आहे. माझ्या चिमुकल्या पिशवींत भाग पाडण्यास जागाच कोठें आहे! पण थोडें मोकळें ठेवून उठावें, हें तत्त्व तेंच.

तिसरा नियम घड्याळाचा. खाण्याची ओढ लाटेसारखी असते. ती चढते आणि आपण तिच्यामागें गेलों नाहीं तर बहुधा ओसरते. म्हणून मनाला "नाहीं" म्हणावयाचें नाहीं. "वीस मिनिटांनीं" असें म्हणावयाचें, आणि तेवढ्यांत स्वयंपाकघरापासून दूर जाऊन अंगण झाडावें, झाडांना पाणी घालावें. वीस मिनिटांनंतर पुष्कळदां विचारावयासहि कोणी येत नाहीं.

चौथी गोष्ट वहीची. ओढ केव्हां लागली, कोठें लागली, त्या वेळीं मनाची स्थिति काय होती, हें मी लिहूं लागलों. महिन्याअखेर पाहतों तों बहुतेक नोंदी चार ते पांच या वेळच्या! ती भूक नव्हतीच. तो रिकामपणा होता. तेव्हांपासून आळींतलीं मुलें रोज चार वाजतां माझ्याकडे संस्कृत शिकावयास येतात. शब्दरूपें म्हणून घेतांना डब्याची आठवण होत नाहीं.

पांचवी गोष्ट सांगतांना आजहि मन कचरतें. मीं एकादशी सोडली. दिवसभर पोट रिकामें ठेवलें कीं रात्रीं लाट दुप्पट जोरानें येते; आणि चिकट साबुदाणा कड्यांत अडकतो तो निराळाच. ठरलेल्या वेळीं थोडें जेवणें, हेंच आतां माझें व्रत.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड होती. मीं पत्नीला आणि मुलाला बसवून सारी हकिकत सांगितली, आणि एक करार केला. त्यांनीं माझ्यावर पहारा ठेवूं नये, डबे लपवूं नयेत. कारण लपविलेला डबा शोधण्यांतच मन गुंतून राहतें. उलट मीं, चुकलों तर त्याच दिवशीं, न विचारतां सांगावें. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबा, पैशांचें सोडा. तुम्ही सांगत राहा." तो हें म्हणाला तेव्हां मला त्याच्याकडे पाहवलें नाहीं.

यानंतर मी कधीं चुकलों नाहीं असें कोणी समजूं नये. एका दिवाळींत बेसनाचे लाडू दुधांत कालवून सात खाल्ले. परंतु तें सकाळीं चहाच्या वेळीं सांगून टाकलें, आणि पुढचें जेवण नेहमींसारखें घेतलें. पूर्वी एका चुकीच्या दुःखांत चार दिवस खात बसत असें. आतां तसें होत नाहीं. आज माझें वजन ९१ किलो आहे. २०२५ पासून आपल्याकडेहि आठवड्यास एकदां घ्यावयाचीं, भूक आणि खाण्याचे विचार कमी करणारीं इंजेक्शनें मिळूं लागलीं आहेत. ज्यांस जरूर असेल त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें तीं अवश्य घ्यावींत; औषध घेण्यांत कमीपणा नाहीं. माझें सांगणें एवढेंच कीं, बाहेरचें साधन कोणतेंहि असो, आपल्याला काय होतें हें घरांतल्या एका तरी माणसाला खरें खरें सांगावें. कड्यानें माझें पोट बांधलें. मला सांवरलें तें या सांगण्यानें.

गोडी गेली असें मी म्हणत नाहीं. हें लिहीत असतांना आंत फ्रीजमध्यें बासुंदी आहे हें मला ठाऊक आहे, आणि ती पाऊण वाटी मला रात्रीं पानांत मिळणार आहे हेंहि ठाऊक आहे. आतां चार वाजून दहा मिनिटें झालीं आहेत. ओसरीवर मुलांचा गलका सुरू झाला आहे, येथेंच थांबतों.