बोटांना आधी कळते

आमच्या घरातली वाईट बातमी माझ्या आधी माझ्या बोटांना कळते. मुलीच्या लग्नाची बोलणी फिसकटोत की धाकट्या दिरांचे दुखणे उलटो. रात्री डोक्यात विचारांचे जाते फिरू लागले, की सकाळी बोटांची पेरे सुजलेली. मूठ वळत नाही, वेणी घालवत नाही. अकरा वर्षे झाली, हा आमवात आमच्याकडे मुक्कामाला आहे.

“म्हणजे हे सारे मनाचेच खेळ!” शेजारच्या काकू म्हणतात. या वाक्याची मला भारी चीड आहे. शरीराचे राखणदारच आपल्या सांध्यांवर उलटतात, म्हणून ते सुजतात. ही चूल काळजी पेटवीत नाही. पेटलेल्या चुलीशी फुंकणी घेऊन बसते मात्र तीच.

यात एक गंमत आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. संकट दिसले, की त्या कॉर्टिसॉल नावाचा रस सोडतात, आणि तो सूज आवरतो. त्याच्याच भावंडाने, कॉर्टिसोनने, १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला चालते केले. १९५० साली त्यांना आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

मग काळजीने माझी सूज उतरायला नको का? पण वडीलमाणूस रोजच ओरडू लागले, की मुले ऐकेनाशी होतात ना? काळजी रोजचीच झाली, की शरीरही कॉर्टिसॉलचे तसेच ऐकेनासे होते. शिवाय झोप मोडते, स्नायू आखडतात, आणि एरवी सोसणारी कळ सोसेनाशी होते.

काळजीला घराबाहेर घालवणे आपल्या हाती नाही. तिला पाट कुठे मांडायचा, एवढे आहे. डॉक्टरांच्या गोळ्या मी चुकवीत नाही. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवते, संध्याकाळी बेताची फेरी मारते. निजण्यापूर्वी उद्याच्या विवंचना कागदावर उतरवते आणि दहा मिनिटे सावकाश श्वास घेते. मनातले यजमानांना सांगून टाकते. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकतात, हेही औषधच.

आणि दिवाळीचा फराळ एका दिवसात उरकायचा हट्ट सोडला. आठवडाभर रोज एक जिन्नस. सोऱ्या मुलाच्या हाती, झारा सुनेच्या. मी स्टुलावर बसून तिखटमिठाचा अंदाज सांगते. यंदा चकल्यांचे वेढे जरा वाकडेच पडले आहेत. पण पाडव्याला ओवाळताना तबक माझ्याच हातात असेल, आणि ते हलणार नाही.