काठ आणि होडी

नदीच्या काठावर बसून गरी घालणारा आणि होडीत बसून गरी घालणारा, हे दोघे एकाच पाण्यातील एकाच माशाची वाट पाहत असतात. दोघांचे आमिष एक, हौस एक, आणि रिकाम्या पिशवीने घरी परतल्यावर ऐकावे लागणारे बोलही एकच. असे असूनही या दोघांमध्ये जितके खटके उडतात तितके, आमच्या पाहण्यात, एका देवळाच्या दोन महाजनांमध्येही उडत नाहीत. त्या खटक्यांविषयी आणि ते उडू नयेत म्हणून आमच्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या गेलेल्या रीतीभातींविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही म्हणजे चौघे जण. चौघेही नोकरीतून निवृत्त, चौघेही मांडवीच्या काठचे, आणि चौघांच्याही घरी आमच्या या छंदाबद्दल फारसा आदर नाही. आठवड्यातून एकदा जुने गोवे येथील धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जायचे, खाजनाच्या बांधावर बसायचे आणि पाणी फिरले की उठायचे, हा आमचा शिरस्ता. मासळी विकायची नसते. मिळाली तर चार घरांत वाटायची, न मिळाली तर परतताना बाजारातून घ्यायची आणि ती कुठून आली हे सांगायचे नाही.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या वाचकांना आमच्या नदीचा स्वभाव थोडा समजावून सांगावा लागेल. नर्मदा एका दिशेने वाहते. आमची मांडवी दिवसातून दोनदा उलटी वाहते. खानापूर तालुक्यातील देगावजवळ उगम पावणारी म्हादई, म्हणजे बेळगावकरांची माहेरवाशीण, गोव्यात मांडवी होते, आणि समुद्राची भरती तिच्यात पार गांजेपर्यंत चढते. उधाणाच्या दिवसांत पाणी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होते, भांगाच्या दिवसांत त्याहून पुष्कळ कमी. भरती केव्हा लागेल यासाठी कोकणपट्टीत एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. घड्याळाच्या काट्याइतका तो अचूक नाही. परंतु पंचांग हाताशी असलेल्या माणसाला एवढे पुरते.

मासा या पाण्याबरोबर चालतो. भरतीबरोबर तो बांधाच्या आणि तिवरांच्या कडेला येतो. काळुंद्र दगडांच्या फटींपाशी घुटमळते, चोणक आणि तांबसा बुडालेल्या लाकडाच्या सावलीत दबा धरून बसतात. ओहोटी लागली की खाजनाच्या मानशीची लाकडी दारे पाण्याच्याच दाबाने बाहेर उघडतात, आतले पाणी लहान कोळंबीसह नदीत पडते, आणि त्या खाद्याच्या आशेने मोठा मासा समोरच्या खोलगट जागेत गोळा होतो. मानशीच्या तोंडावर जाळे लावण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. तिथे आम्ही जात नाही. परंतु तेथून पाच-पन्नास पावलांवर जी खोल जागा असते, तिच्यावर काठावरच्याचाही डोळा असतो आणि होडीवाल्याचाही. पाणी थांबण्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास, आणि ती एवढीशी जागा. सगळे भांडण या दोन गोष्टींचे आहे.

त्यातही एक मौज आहे. काठावरचा माणूस तीस-चाळीस मीटरपर्यंत शिसे फेकतो. त्याची दोरी, म्हणजे आमच्या भाषेत तंगूस, पाण्याखाली तिरकी पसरलेली असते. काठावरच्याला होडी स्पष्ट दिसते. होडीतल्याला दोरी मुळीच दिसत नाही. त्याला दिसते ते मोकळे पाणी. म्हणून काठावरच्याला वाटते की हा मुद्दाम आपल्या दोरीवरून गेला, आणि होडीवाल्याला वाटते की नदी काय याच्या आजोबांनी विकत घेतली आहे! दोघेही आपापल्या नजरेने खरेच बोलत असतात.

जुन्या होडीकरांनी या अडचणीवर तोडगे काढले होते. आम्ही लहान असताना पाहिलेले होडीकर काठावर माणूस बसलेला दिसला की होडी नदीच्या मध्याकडे वळवीत. पात्र अरुंद असेल आणि काठाजवळूनच जाणे भाग असेल, तर वल्ही थांबवून दुरूनच साद घालीत, “बाब, दोर मातशी उखल!” काठावरचा उभा राही, काठी उंच धरी किंवा दोरी सैल सोडून तळाशी बसू देई, आणि होडी हळूच सरकून जाई. जाता जाता “कितें मेळ्ळें?” हा प्रश्न ठरलेला, आणि “आमटीपुरते” हे उत्तरही ठरलेले. पिशवीत पाच किलोंचे चोणक असले तरी उत्तर बदलत नसे, आणि विचारणाराही त्यावर विश्वास ठेवीत नसे. त्या प्रश्नोत्तरातून माशांचा हिशेब कुणालाच नको होता. मी तुला पाहिले आणि तू मला पाहिलेस, एवढे कळले की काम झाले.

काठावर कुणी आधीपासून बसला असेल तर त्याच्या समोर नांगर टाकायचा नाही, हा दुसरा रिवाज. टाकायचाच झाला तर त्याच्या फेकीच्या पलीकडे, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला. कुणाची दोरी आपल्या नांगरात अडकून आली तर ती तोडायची नाही; सोडवून, गरी आणि शिसे शाबूत असतील तर तशीच पाण्यात सोडून द्यायची. एका वृद्ध होडीकराने आमची तुटलेली दोरी आठ दिवस आपल्या होडीत जपून ठेवली होती, आणि पुढच्या खेपेस बांधाला होडी लावून ती हातात दिली होती. दोरीची किंमत तेव्हा काही आण्यांची असेल.

हे सारे ओझे होडीवाल्यावरच का, असे कुणी विचारील. काठावरच्यानेही पाळायचे नियम होते आणि आहेत. होडी समोर असताना शिसे फेकायचे नाही. पन्नास-साठ ग्रॅमचे शिसे कपाळावर बसले तर काय होते हे सांगायला नको. आपली जागा म्हणजे आपल्या दोरीच्या टप्प्याइतकी. बांधावर एकाने बसून चार काठ्या दूरदूर रोवायच्या आणि शंभर मीटर पाणी अडवायचे, ही दांडगाई. फेरीबोटीच्या धक्क्यावर बोट लागताना दोरी ओढून घ्यायची. होडीकर जाळे टाकून पोट भरणारा असेल, तर हौसेने बसलेल्याने न सांगता बाजूला व्हायचे. त्याच्या चुलीपुढे आमची हौस किती मोठी?

तरीही मूळ भार होडीवर आहे, आणि तो का आहे याचे उत्तर समुद्रावरच्या कायद्यातही सापडते. नौकांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये ठरलेली आणि १९७७ पासून अमलात असलेली आंतरराष्ट्रीय नियमावली असे सांगते की, यंत्राच्या बळावर चालणाऱ्या नौकेने शिडाच्या नौकेला, आणि त्या दोघींनीही मासेमारीत गुंतलेल्या, सहज वळू न शकणाऱ्या नौकेला वाट द्यावी. ज्याला वळणे सोपे त्याने वळावे, इतका साधा तो न्याय आहे. त्या नियमावलीत काठावर बसलेल्या माणसाचा उल्लेख नाही. ती नौकांसाठी आहे. परंतु तोच न्याय एक पायरी पुढे नेला, तर ज्याला मुळीच हलता येत नाही असा माणूस काठावरच सापडतो. होडीला सारी नदी आहे. त्याला बांधावरचे दोन हात.

एवढे तत्त्वज्ञान सांगायचे कारण निराळे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्यातील एकाचा उजवा हात कायमचा अधू झाला. हे गृहस्थ काठी वापरीत नाहीत. जुन्या पद्धतीने तंगूस बोटाभोवती घेऊन हातानेच गरवतात, कारण मासा चावल्याची खबर बोटाइतकी लवकर काठीला लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी पर्यटकांना गरवण्यासाठी घेऊन निघालेली एक भाड्याची यंत्रहोडी बांधालगत वेगाने आली. दोरी पंख्यात सापडली. बोटाभोवतीचा वेढा सोडवण्याइतका अवधीच नव्हता. तर्जनी हाडापर्यंत कापली गेली. होडी थांबलीही नाही. आम्ही रुमाल बांधून त्यांना फेरीबोटीने पलीकडे आणले. टाके पडले, जखम भरली, पण ते बोट आता वाकत नाही. सही करताना लेखणी ते दोन बोटांत धरतात.

होडी कुणाची हे आम्हांस ठाऊक होते. येथे ते नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. आमच्यातील एकाने तक्रारीचा मसुदा तयार केला. दुसऱ्याने, जे एरवी अत्यंत सौम्य वृत्तीचे आहेत, पुढल्या वेळी पिशवीत धोंडे घेऊन जाण्याची सूचना केली. ज्यांचे बोट गेले होते ते मात्र म्हणाले, “आधी होडी हाकणारा कोण आहे तो पाहू.”

तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा निघाला. ओडिशातल्या कुठल्याशा गावचा. गोव्यात येऊन जेमतेम सहा महिने झालेले. आम्हां चौघांना धक्क्यावर पाहून तो घाबरला. बांधलेले बोट दाखवल्यावर त्याच्या तोंडून एकच वाक्य आले, “अंकल, मुझे डोरी दिखी ही नहीं.” ते खोटे नव्हते. त्याला होडीचे यंत्र कसे चालू करायचे ते शिकवले होते, पर्यटकांशी कसे बोलायचे तेही शिकवले होते. काठावर माणूस दिसला म्हणजे पाण्याखाली दोरी असते, हे त्याला कुणीच सांगितले नव्हते. जुन्या होडीकराचा मुलगा बापाच्या होडीत बसून हे पाहत पाहत मोठा होई; याचा बाप या नदीवर नव्हता.

त्यानंतर आमच्या मित्राने जे केले ते आम्हांपैकी कुणाला सुचले नसते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी त्या मुलाला बांधावर बोलावले, आपल्या डाव्या हातातील दोरी त्याच्या हातात दिली आणि शेजारी बसवले. तासाभराने एक होडी समोरून गेली. ती बरीच लांब होती, तरी लाटेने दोरी ताणली गेली आणि तो ताण त्या मुलाला बोटात जाणवला. त्याने झटकन आमच्या मित्राकडे पाहिले. “समझा?” एवढेच ते म्हणाले. तो काही बोलला नाही. बराच वेळ त्यांच्या त्या ताठ बोटाकडे पाहत राहिला. तक्रारीचा मसुदा पाकिटातच राहिला. तो द्यायला हवा होता असे आमच्यातील एकाचे आजही मत आहे, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही. कारण मुलाला शिकवले, पण त्याच्या मालकाला कुणी शिकवले? तो मुलगा मात्र जितके दिवस त्या होडीवर होता, तितके दिवस काठ दिसताच वेग उतरवी आणि दुरून हात वर करी. त्याचे पाहून आणखी दोन होड्यांनी ती रीत उचलली.

रीतीभाती रक्तातून येतात असे आपण सहज बोलून जातो. पाहू गेल्यास त्या कुणीतरी सांगाव्या लागतात. आपल्या या पत्रिकेच्या वाचकांपैकी अनेकांचे पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या पदरी घाट उतरून परमुलखात गेले. तेथल्या नदीवर उतरताना कोणत्या पायऱ्यांवर धुणे धुवावे आणि कोणत्या पायऱ्यांवर धुऊ नये, नावेत आधी कुणी चढावे, हे त्यांनाही तेथल्याच कुणीतरी सांगितले असणार. ज्याने सांगितले त्याचे नाव आपल्या कुलवृत्तांतात नाही. आज आमच्या बांधावर कर्नाटकातले गवंडी बसतात, झारखंडातले कामगार बसतात; पगाराच्या सुट्टीत एक दोरी आणि मूठभर कोळंबी घेऊन. “हे कुठून आले?” असा सूर काठावर हल्ली वारंवार ऐकू येतो. नदीवर नवे आलेल्यांना रीत ठाऊक नाही ही तक्रार खरी आहे. पण ती ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तोंड उघडल्यावाचून ती तक्रार दूर कशी व्हावी?

फोंडा तालुक्यात दुर्भाट-बोरीच्या बाजूला आजही मांगे थापणीच्या दिवशी खाजनाच्या बांधावर मातीची मगर थापून तिची पूजा करतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्याखुऱ्या मगरी आहेत; त्यांनी बांध पोखरू नयेत आणि माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असा तो आपसातला करार. ज्या लोकांनी मगरीशीही शेजारधर्म ठेवला, त्यांच्या वंशजांना होडीतल्या माणसाशी तो ठेवणे जड जाऊ नये.

नदी दरम्यान बदलली आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा खनिजाच्या बार्जी थांबल्या आणि काही काळ मांडवी शांत झाली. पुढे सहलीच्या होड्या वाढल्या. पावसाळ्यातील एकसष्ट दिवसांच्या बंदीत यंत्रनौका समुद्रात जात नाहीत, तेव्हा नदीच्या मासळीला मागणी येते आणि काठावर बसायला जागा उरत नाही. काठही पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. कुठे भिंत, कुठे फाटक. दाटी वाढली की सौजन्य परवडत नाही असे म्हणतात. आमचा अनुभव असा की, दाटीतच ते लागते. रिकाम्या नदीवर कुणाला वाट द्यायची?

असो. हे वाचून कुणी मांडवीवर आलाच, आणि होडीत असला, तर काठावर माणूस दिसताच वेग कमी करावा आणि हात वर करावा. काठावर असला तर काठी उचलावी. आणि काय मिळाले असे कुणी विचारले, तर “आमटीपुरते” म्हणावे.