गाभ्याला सोयाबीन ठाऊक नाही

वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या अडत दुकानासाठी सॉफ्टवेअर लिहायचं, तर आधी काटापट्टी समजून घ्यावी लागते. कास्तकाराचं नाव, गाव, माल सोयाबीन की तूर, कट्टे किती, वजन किती, ओल किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाता हाती किती. वीतभर कागद, पण त्यावर एका घराचा अख्खा हंगाम असतो. हा कागद मी संगणकावर आणतो तो फ्रॅपे या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या आधारानं. फ्रॅपे मुंबईत घडलं. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याचा हिशेब बसवता बसवता ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर उभं केलं आणि त्याच्या पोटातून हे फ्रेमवर्क वेगळं निघालं. त्याचा सगळा कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे. शेलूबाजारात बसून मी तो उघडतो, वाचतो, आणि माझ्या कामाचं बरंचसं शिक्षण मला त्याच वाचनातून मिळालं आहे.

त्या कोडमध्ये ‘कोअर’, म्हणजे गाभा, नावाचा एक कप्पा आहे. वापरकर्ता, भूमिका, फाइल, अहवाल, भाषांतर, चुकांची नोंद, ठरल्या वेळी चालणारी कामं अशी मोजकी मंडळी तिथे नांदतात. त्यात सोयाबीन नाही, हमाली नाही, क्विंटलसुद्धा नाही. ज्याच्या बळावर आमची काटापट्टी चालते, त्या गाभ्याला आमच्या बाजाराची काडीचीही माहिती नाही. नवख्याला ही उणीव वाटते. मला मात्र त्याची सगळी ताकद इथेच दिसते.

या मंडळींत वडीलधारा म्हणजे डॉकटाइप. डॉकटाइप हा दस्ताचा साचा. काटापट्टीत कोणते रकाने असतील, कोणता भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कोणाला वाचता येईल आणि कोणाला लिहिता येईल, एवढं मी साच्यात सांगितलं की डेटाबेसमधला तक्ता, पडद्यावरचा फॉर्म, यादी, शोध, बाहेरून माहिती घेण्या-देण्याची वाट हे सगळं गाभा उभं करतो. यामागची प्रेरणा सिमँटिक वेबची. माहिती पडद्यावर दिसते कशी, याच्या जोडीला ती आहे कशाची, हेही प्रणालीला कळलं पाहिजे, असा तो विचार. ‘वजन’ हा आकडा आहे आणि ‘कास्तकार’ हा दुसऱ्या दस्ताकडे जाणारा दुवा आहे, हे एकदा सांगितलं की पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही.

आता खरी गंमत. हा डॉकटाइप स्वतःसुद्धा एक डॉकटाइपच आहे. कोअरच्या कप्प्यात डॉकटाइप नावाचं फोल्डर आहे आणि त्यात एक जेसन फाइल. साच्याला नाव असतं, त्यात रकाने असतात, परवानग्या असतात, हे ती फाइल त्याच भाषेत सांगते, ज्या भाषेत मी काटापट्टी सांगतो. पण मग पहिला साचा घडवायला साचा आणायचा कुठून? कोऱ्या डेटाबेसवर सुरुवात करताना साच्यांचा तक्ताच नसतो. याचं उत्तर कोडमध्ये अगदी साधं आहे. एका एसक्यूएल फाइलमध्ये डॉकटाइप, डॉकफील्ड (रकाने), डॉकपर्म (परवानग्या) असे सुरुवातीला लागणारे तक्ते हातानं लिहून ठेवले आहेत. आधी ते उभे राहतात, मग बाकीचा पसारा. आणि साचा वाचणाऱ्या कोडमध्ये या ठरावीक नावांची एक छोटी यादी आहे. यातलं एखादं डेटाबेसमध्ये सापडलं नाही, तर ते थेट फाइलमधून वाचलं जातं. स्वतःच्या पायावर उभं राहण्याआधी कुणीतरी धरावं लागतं, आणि ते धरणं किती मोजक्या ओळींत भागवता येतं, हे मला ह्या जागी कळलं. कारागिरी म्हणतात ती हीच. अडचण लपवलेली नाही, तिला तिची जागा नेमून दिली आहे.

गाभ्याला सोयाबीन ठाऊक नसलं, तरी दस्त म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दस्तांच्या प्रत्येक तक्त्यात ‘डॉकस्टेटस’ नावाचा रकाना असतो. शून्य म्हणजे कच्चा, एक म्हणजे पक्का, दोन म्हणजे रद्द. कच्च्याचा पक्का होतो, पक्क्याचा रद्द होतो. पक्का पुन्हा कच्चा होत नाही, आणि रद्द झालेल्यात फेरफार करता येत नाही. पक्क्या दस्तात बदल करायचा तर तो रद्द करून दुरुस्त प्रत काढायची. त्या प्रतीवर ती कोणत्या दस्तावरून निघाली, ते लिहिलेलं राहतं. रकमेची पावती एखाद्या पट्टीला जोडून पक्की झालेली असेल, तर आधी पावतीचं पाहा, मग पट्टीला हात लावा, असं गाभा बजावतो.

एका दुकानातल्या जुन्या दिवाणजींना मी हे समजावून सांगत होतो. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणाले, “भाऊ, कास्तकाराच्या हाती पट्टी गेली ना, मंग थे खोडता येत नाई. नवी फाडा लागते, अन् जुनीवर रद्द लिहा लागते.” मुंबईत बसून कोड लिहिणाऱ्यांनी आणि अडतीच्या गादीवर उमर घालवलेल्या माणसानं एकच नियम आपापल्या वाटेनं गाठला होता. हिशेब कुठल्याही मालाचा असो, समोरच्याच्या हातात गेलेला आकडा गुपचूप बदलायचा नाही. गाभ्यात जाण्याची लायकी अशाच नियमाची असते.

दुसरी गोष्ट हंगामाच्या गर्दीतली. आवक वाढली की एकाच दुकानात दोन जण दोन संगणकांवर बसतात. काट्यावरचा एक पट्टी उघडतो आणि वजन दुरुस्त करतो. त्याच वेळी आतल्या खोलीत दुसऱ्यानं तीच पट्टी उघडून भाव भरलेला असतो. जो मागाहून जतन करील त्यानं आधीच्याचं पुसलं, असं झालं तर कास्तकाराच्या कट्ट्यांचं वजन हवेत विरायचं. गाभा इथे एक साधी तपासणी करतो. दस्त उघडला तेव्हाची शेवटच्या बदलाची वेळ आणि डेटाबेसमधली आत्ताची वेळ जुळते का, ते पाहतो. जुळली नाही तर जतन करू देत नाही. तुम्ही उघडल्यानंतर हा दस्त बदलला आहे, ताजा करून पुन्हा पाहा, असं सांगतो. काट्यावरच्या माणसाला क्षणभर वैताग येतो. पण त्या वैतागाच्या बदल्यात कुणाच्या तरी घामाचा आकडा जागेवर राहतो.

मग सोयाबीन कुठे राहतं? ते माझ्या ॲपमध्ये राहतं. गाभ्यानं बाहेरच्या कोडसाठी जागा नेमून दिल्या आहेत, त्यांना हूक म्हणतात. दस्त तपासताना, जतन झाल्यावर, पक्का होताना, रद्द होताना, अशा प्रत्येक टप्प्यावर माझं काम जोडता येतं. आमच्या गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर गाडी वाटेल तिथून चढवता येत नाही, इंटरचेंजवरूनच चढावं लागतं, आणि म्हणून आतली वाहतूक बिनघोर चालते. हूकचं तसंच आहे. उदाहरणार्थ, हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलीची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. ओलीचा नियम माझ्या ॲपमध्ये आणि मर्यादेचा आकडा सेटिंगमध्ये असेल, तर असा बदल येतो तेव्हा एक आकडा बदलून भागतं. तोच नियम कुणी गाभ्याच्या फाइलीत घुसडला, तर फ्रॅपेची नवी आवृत्ती घेताना तो पुसला तरी जातो किंवा नवी आवृत्ती घेण्याची वाटच अडवतो. घाईचा ग्राहक म्हणतो, “दोन ओळींचं तर काम आहे, तिथेच टाका ना.” मी तिथे टाकत नाही. त्या दोन ओळी पुढे ज्याला सांभाळाव्या लागतील, त्याचा विचार आज मलाच करायचा असतो.

गाभ्यात काय ठेवायचं, हा प्रश्न या क्षेत्रातल्या सगळ्यांनाच पडला आहे. जँगो हे फ्रेमवर्क २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या लहान शहराच्या वृत्तपत्रात आकाराला आलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. बातमीदारीच्या घाईतून जन्मलेलं असल्यानं त्यानं डेटाबेस हाताळण्यापासून प्रशासकाच्या पडद्यापर्यंत पुष्कळ काही सोबत दिलं. आर्मिन रोनाखर यांचं फ्लास्क २०१० मध्ये आलं, आणि त्यानं डेटाबेसची निवडसुद्धा बाहेर ठेवली. त्यांच्याच वर्कझोइग या लायब्ररीवर फ्रॅपेही उभं आहे. ईआरपीनेक्स्टनं २०२२ मधल्या चौदाव्या आवृत्तीत आरोग्य, शिक्षण, शेती ही दालनं मुख्य घरातून काढून स्वतंत्र ॲप केली. शेती बाहेर काढली, याचं मला वाईट वाटलं नाही. शेतीला तिच्या चालीनं वाढू द्यायचं असेल, तर तिला कारखान्याच्या हिशेबाला बांधून ठेवून कसं चालेल?

वाशीम, कारंजा, मंगरूळपीरकडची मुलं काम शिकायला येतात. त्यांना फॉर्म बनवण्याची घाई असते. मी त्यांना आधी कोअरचा कप्पा उघडायला लावतो. एखादी नवी सोय सुचली, की एकच प्रश्न विचारायला सांगतो. ही कोल्हापूरच्या दवाखान्याला आणि भंडाऱ्याच्या शाळेलाही लागेल का? लागणार नसेल, तर ती आपल्या ॲपमध्ये, आपल्या गावच्या नावानं, हवी तितकी नटवून ठेवावी. लागणार असेल, तर तिच्यावरचं गावाचं नाव पुसावं, तिला पुन्हा पुन्हा तपासावं आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवावं. तो कोड जसा आपल्याला फुकट मिळाला, तसा शेलूबाजारात लिहिलेला कोडही कुणाला तरी मिळाला पाहिजे. खेड्यातल्या प्रोग्रामरनं फक्त वापरणारा म्हणून राहावं, असं कुठल्याही परवान्यात लिहिलेलं नाही.