उद्या नको, परवा चालेल

रक्ततपासणीची आठवण करून देणारा मेसेज गेला आणि ग्राहकाचं उत्तर आलं: 'उद्या नको, परवा चालेल.' वेळ बदलायची आहे, हे माणसाला क्षणात कळतं. नुसते शब्द मोजणाऱ्या प्रोग्रॅमची मात्र पंचाईत होते. 'नको' दिसलं की रद्द, 'चालेल' दिसलं की पक्कं, एवढंच तो शिकलेला. इथे दोन्ही एकाच ओळीत.

ग्राहकांच्या उत्तरांची आपोआप वर्गवारी करणाऱ्यांचा दिवस अशाच ओळींत जातो. बाहेरच्याला वाटतं, करामत सगळी मॉडेलची. खरी डोकेफोड त्याआधीच होते, कप्पे ठरवताना. 'येणार', 'येणार नाही', 'वेळ बदला', 'मेसेज पाठवू नका' हे ठीक. पण 'येतो, उपाशीपोटी यायचं का?' हे कुठे टाकायचं? होकारात टाकलं तर प्रश्न अनुत्तरित राहतो. कसलेली मंडळी मग तीच उत्तरं दोघांना वेगवेगळी लावायला देतात, एकमेकांचं न बघता. दोघांचं जुळलं त्यात योगायोग किती, हे वजा करून सहमती मोजण्याचं माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलं. जुळतच नसेल, तर बहुतेकदा कप्प्याची व्याख्याच ढिली असते.

लिपीचा घोळ वेगळाच. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात. एकही देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. त्यात रोमन कीबोर्डची सवय. 'नाही' लिहिताना कुणी एक 'ए' लावतो, कुणी दोन, कुणी 'एच' गाळूनच टाकतो. गूगलचं मुरिल हे मॉडेल भारतीय भाषांच्या रोमन रूपांवरही शिकवलेलं असल्यामुळे इथे कामाला येतं.

नुसत्या 'हो'पुढे मात्र तेही हतबल. 'येताय ना?' विचारलं होतं की 'रद्द करायचं का?', हे सोबत दिल्याशिवाय त्या 'हो'ला कप्पाच नाही.

चुकाही सारख्या किमतीच्या नसतात. 'येणार' चुकून 'वेळ बदला'त पडलं, तर एक फोन जास्त करावा लागतो. 'पाठवू नका' हुकलं, तर प्रकरण कायद्यापर्यंत जाऊ शकतं. अमेरिकेत ११ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार ग्राहकाने 'स्टॉप'सारखा ठरलेला शब्द लिहिला काय किंवा स्वतःच्या भाषेत सांगितलं काय, कंपनीने दहा कामकाजी दिवसांच्या आत ते मानायचं. म्हणून या कप्प्याचा उंबरठा मुद्दाम खाली ठेवतात: नुसता संशय आला तरी मेसेज थांबवायचे. 'येणार नाही'चं उलट. तिथे पुरती खात्री पटल्याशिवाय कुणाची वेळ रद्द करायची नाही.

आणि मग एखादं उत्तर येतं: 'बाबा आता नाहीत.' 'नाहीत' पाहून मॉडेल ते छातीठोकपणे 'येणार नाही'त टाकतं, आणि घरच्यांना आपोआप मेसेज जातो, 'नवी वेळ घ्यायची का?' खात्रीचा आकडा इथे काहीच वाचवत नाही. त्यामुळे मृत्यू, दुखणं, तक्रार यांना वेगळा कप्पा देतात. तिथे यंत्राने फक्त पुढच्या आठवणी थांबवायच्या. उत्तर माणूस देणार. पण अशा ओळी शिकवणीला पुरतील इतक्या मिळत नाहीत, म्हणून मॉडेलने बिनधास्त लावलेल्या ढिगातूनही दर आठवड्याला मूठभर उत्तरं काढून कुणीतरी वाचायला बसतं.