दहा दिवसांच्या गोळ्या

आमच्या आत्याबाई कळंब तालुक्यातल्या. ऊसतोडीत हयात गेली. गेल्या साली छातीत कळ आली म्हणून आम्ही त्यांना रातोरात लातूरला नेले. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागेल. आत्याबाईंनी पिशवीतून केशरी रेशनकार्ड काढून पुढे केले.

२०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने चालते. २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली. आरोग्यमित्राने आत्याबाईंचा अंगठा यंत्रावर टेकवला. यंत्र घेईना. कोयता धरून धरून रेषाच झिजलेल्या! शेवटी पुण्यातल्या नातवाच्या मोबाईलवर आलेल्या आकड्यावर काम भागले. जाळी बसली, घरचा पैसा लागला नाही. आमच्या वडिलांच्या वेळी असे काही नव्हते. ते घरीच गेले.

घोटाळा पुढे झाला. घरी जाताना दहा दिवसांच्या गोळ्या आणि एसटीचे भाडे योजनेतून मिळते. अकराव्या दिवसापासून आत्याबाईंचे त्यांनाच पाहावे लागले. दोन महिन्यांनी गावी गेलो तर आत्याबाई म्हणाल्या, "एक दिवसाआड घेते रे बाबा. पुरवाव्या लागतात."

आमच्या पोटात धस्स झाले. रक्त पातळ ठेवणाऱ्या त्या गोळ्या चुकल्या, तर जाळीतच रक्ताची गाठ होऊ शकते. आम्ही पडलो कारकून, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. औषध लावलेल्या जाळीची कमाल किंमत २०१७ मध्ये केंद्राने बांधली, ती २९,६०० रुपये होती. एवढी महाग वस्तू बसवायची आणि गोळ्यांच्या पाकिटापायी ती वाया जाऊ द्यायची, ही कसली काटकसर? वर्षभराच्या गोळ्या त्याच मंजुरीत का देऊ नयेत?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. आम्ही आत्याबाईंना अशा एका दवाखान्यात नेले. दोनपैकी एक गोळी मिळाली, दुसरी "बाहेरून घ्या". मग डॉक्टरांकडून कंपनीचे नाव न घालता औषधाचे मूळ नाव लिहून घेतले आणि जनऔषधी दुकान गाठले. तिथे स्वस्तात मिळाली.

वाचकहो, तुमच्या घरी कुणाला जाळी बसवलेली असेल, तर आज त्यांचा डबा उघडा आणि गोळ्या मोजा. विचारू नका, मोजा. आत्याबाई आम्हालाही आधी "घेते की रोज" असेच सांगत होत्या.